नक्शेसाहेबांची तीट

माझ्या घरमालकांचं एक ठाम मत होतं. परीक्षक वस्तू पाहायला येत नसतो, आपली हुशारी दाखवायला येतो. तेव्हा वस्तू अशी करावी की तिच्यात त्याच्या हुशारीला टेकायला जागा असेल. मी त्यांच्या घरी खोली घेतली त्याच आठवड्यात त्यांनी मला हे ऐकवलं. पाणी कधी येतं, मोरी कुठे आहे, ते नंतर त्यांच्या बायकोने, काकूंनी, सांगितलं.

हिंगोलीच्या सरकारी शाळेत मी भूगोल शिकवत होतो. राज्य निजामाचं, शिकवणं उर्दूत. मुलांना उर्दू येत नव्हती आणि मला भूगोल बेताचाच येत होता, त्यामुळे कोणाचीच कोणाविरुद्ध तक्रार नव्हती. घरमालक सरकारी बांधकामाच्या खात्यात नक्शे काढण्याच्या नोकरीवर होते आणि आता पेन्शन घेऊन घरी बसले होते. गाव त्यांना नक्शेसाहेब म्हणे. ही पदवी त्यांना कोणी दिली ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. माझा संशय असा की ती त्यांनीच पहिल्यांदा वापरली आणि लोकांनी वाद घातला नाही.

ठेंगणे होते. मान एका अंगाला झुकलेली. समोरच्याकडे एक डोळा मिटून बघायची सवय. माणसाकडेही तसंच बघत, आणि आपण किती इंचांत बसू याचा हे हिशेब करून राहिलेत असं वाटून अंग चोरावंसं वाटे. पहिल्या भेटीत मला असं नीट पाहून झाल्यावर म्हणाले, "चौकटीपेक्षा चार बोटं कमी हाय. चालंल. आधीचा मास्तर लांब व्हता, डोकं आपटून आपटून त्यानं चौकट ढिली केली."

त्यांचा उद्योग म्हणजे इमारतींचे नमुने करणं. खऱ्या इमारतीचं माप घ्यायचं, ते ठरलेल्या प्रमाणात लहान करायचं आणि पाटावर मावेल एवढी तीच इमारत उभी करायची. भिंती भेंडाच्या. लग्नातली बाशिंगं करतात ते पांढरं, हलकं भेंड. छपराचे कवेलू ज्वारीच्या धांड्याच्या चोयांचे, पाणी म्हणजे खाली निळीचा हात फिरवलेली काच, गवत म्हणजे रंगवलेला लाकडाचा भुसा. झाडांसाठी वाळलेल्या मंजिऱ्या लागत, आणि काकूंच्या तुळशीवर त्यासाठी वर्षभर डोळा असे. हे सगळं हिवाळ्यातल्या प्रदर्शनासाठी.

प्रदर्शनाचं वर्णन करणं म्हणजे त्या राज्याचंच वर्णन करण्यासारखं आहे. मैदानात मंडप, मंडपाला कमान, कमानीवर कागदी फुलं, आणि कमानीखालून पहिलं कोण जाणार यावरून दोन दिवस खल. आत भोपळे, भरतकाम, मातीचे आंबे आणि कोपऱ्यात एका टेबलावर नमुन्यांची स्पर्धा. मुख्य परीक्षक तहसीलदारसाहेब. हैद्राबादचे, खानदानी, बोलणं मधासारखं. परीक्षणाच्या दिवशी शेरवानीवर कमरेला बगलूसचा दरबारी पट्टा बांधून आणि डोक्यावर दस्तार चढवून येत. शिवाय हातात छडी. ज्या वस्तूवर ती छडी टेकेल तिच्याकडे लोक आदराने बघत, मग तो भोपळा का असेना.

नक्शेसाहेबांची तयारी नमुन्यापाशी सुरू होत नसे, तहसीलदारांपाशी सुरू होई. साहेब किती उंच, टेबल किती उंच, वाकले तर नजर कुठे पडेल, हे आधी. आदल्या दिवशी रिकाम्या मंडपात जाऊन साहेबांच्या जागी उभे राहत, टाचा थोड्या उचलून साहेबांची उंची घेत आणि उजेड कुठून येतो ते पाहत. छडीचं टोक कुठे लागणार तेही त्यांना ठाऊक असे. तेवढ्या भागात भेंडाच्या आत खिळे ठोकून ठेवत. "बाकीच्यांचे नमुने छडीनं मोडतात," म्हणत, "अन् साहेबाला स्वतःच मोडलेली वस्तू आवडत न्हाई."

संशय हा त्यांचा दुसरा उद्योग होता. नमुना चालू असला की त्यावर पांढरी चादर. मयतावर घालतात तशी, अगदी कोपरे दाबून. खोलीच्या उंबऱ्यावर ज्वारीचं पीठ भुरभुरवून ठेवत, म्हणजे कोणी आत गेलं तर पाऊल उमटावं. बहुतेक वेळा पाऊल मांजराचं निघे. पण मांजर कोणाचं, यावर मग चौकशी.

"मास्तर, तुमच्याकडं मघाशी कोन आलं व्हतं?"

"शाळेतला शिपाई. चाव्या द्यायला."

"चाव्या द्यायला इतका येळ?"

"पाणी प्यायला."

"पानी प्यायला इतकं वाकावं लागतं का? म्या पाह्यलं. वाकून बघत व्हता."

काकू आतून म्हणत, "आवो, पाठ दुखती त्याची! सगळं गाव तुमचे पुठ्ठे बघायलाच जन्मलंय का?"

"पुठ्ठे न्हाई," नक्शेसाहेब शांतपणे म्हणत. "भेंड."

इमारत मोजायची त्यांची रीतही उघड नसे. परवानगी मागायला त्यांचा ठाम नकार. परवानगी मागितली की नमुना देणाऱ्याचा होतो, म्हणत. देवळाला प्रदक्षिणा घालायची आणि पावलं मनात ठेवायची. भिंतीला टेकून विडी ओढायची आणि वीतभर दगड किती लागले ते बोटांवर धरायचं. "आवारात येरझारा घालणाऱ्याला कोनी विचारत न्हाई, काहून आलास म्हनून," त्यांचं म्हणणं. "सरकारी आवारात समदेच येरझारा घालतात."

पण त्यांचं खरं रहस्य वेगळं होतं, आणि ते त्यांनी मला बारवेच्या नमुन्याच्या वेळी सांगितलं. गावाबाहेरच्या जुन्या बारवेचा तो नमुना होता, चारी बाजूंनी पायऱ्या उतरलेल्या. सुंदर झाला होता, हे मी संशयी माणूस असूनही कबूल करतो. परीक्षणाच्या दिवशी तहसीलदारांनी वाकून पाहिलं, एक भुवई वर केली, छडीने पायऱ्या मोजल्या आणि आनंदाने ओरडले, "अरे मियाँ, एक सीढ़ी खा गये तुम!" एका बाजूला खरोखरच एक पायरी कमी होती. सगळ्यांनी साहेबांच्या नजरेची वाखाणणी केली. साहेब इतके खूश झाले की पहिलं बक्षीस तिथल्या तिथे.

घरी येताना मी सांत्वन करायला गेलो. "एवढी मेहनत केली आणि एक पायरी राहून गेली..."

नक्शेसाहेब थांबले. एक डोळा मिटून माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, लेकराला तीट काहून लावतात?"

"दृष्ट लागू नये म्हणून."

"दृष्ट तर लागतीच. ती काळ्या ठिपक्यावर अडकावी म्हनून. माझ्या प्रत्येक नमुन्याला तीट असती. एक चूक. ठळक, दिसंल अशी. साहेबाला ती सापडती, त्याचं समाधान होतं, अन् मग तो बाकीचं काही बघत न्हाई. निर्दोष वस्तू पुढं ठिवली तर तो रातभर दोष शोधंल, न्हाई सापडला तर रागावंल."

युक्ती म्हणून मला ती आवडली. पण विश्वास बसला नाही. चूक करून बसायचं आणि मग ती मुद्दाम केली होती म्हणायचं, हे मी शाळेत रोज पाहत होतो. मीही करत होतो. पुढे मी लक्ष ठेवू लागलो. एका वर्षी खिडकीचा एक गज जास्त, एका वर्षी कमानीवरचं कमळ उलटं. दर वर्षी साहेबांना ते सापडे, दर वर्षी साहेब उजळत. मी काकूंना एकदा विचारलं, खरंच मुद्दाम करतात का हो?

काकू तांदूळ निवडत होत्या. "मास्तर," त्या म्हणाल्या, "ह्या मानसानं माझ्या बापाचं घर मोजून पाह्यलं अन् मग मला होकार दिला. मुद्दाम काय अन् चुकून काय, देवाला ठावं."

मग ते वर्ष आलं. देश स्वतंत्र झाला होता, आम्ही झालो नव्हतो. पैनगंगेपलीकडे तिरंगा होता, अलीकडे आम्ही. पलीकडच्या कॅम्पांतून पोरं येतात, नाके जाळतात, कुठेतरी सरकारी तिजोरी फोडली, अशा बातम्या दबक्या आवाजात येत. गावात खाकीतली मंडळी भाले घेऊन कवायत करत. शेजारी शेजाऱ्याशी हवापाण्याचं बोले, तेही जपून, कारण हवा कोणाची हा प्रश्नच होता. अशा वर्षी प्रदर्शन भरायचं काही कारण नव्हतं. पण राज्य डळमळायला लागलं की समारंभ वाढतात. सगळं आलबेल आहे हे दाखवा, असा वरून हुकूम आला आणि मैदानात कमान उभी राहिली.

त्या वर्षी नक्शेसाहेबांनी नमुन्यासाठी काय निवडावं? तहसील कचेरी. नुसती पुढून दिसणारी नव्हे. पुढची ओसरी, मागचा चौक, चौकातली दगडी खजिन्याची खोली, सगळं.

मी चादरीखाली काय आहे ते कळल्यावर घाबरलो. "नक्शेसाहेब, दुसरं काही करा. बारव पुन्हा करा, देऊळ करा."

"काहून?"

"दिवस कसे आहेत बघा की."

"दिवस कसेबी असोत. इमारत बराबर हाय."

"पण खजिना कशाला? तुम्ही तो मोजलात कधी?"

"पेन्शन तिथंच मिळती. चौकात बसवून ठेवतात तासन्‌तास. बसून मानसानं काय करावं?"

खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला त्यांचाही संशय यायला लागला होता. डोंगरकडा गावचा एक भेंडवाला हल्ली वारंवार येई आणि भेंड ठेवून झाल्यावरही बराच वेळ बसे. भेंडाबद्दल माणूस किती बोलू शकतो? दार लोटलेलं असे, आतून पुटपुटणं येई. तो भेंडवालाच होता की आणखी कोणी, ते मला आजही सांगता येणार नाही.

परीक्षण गुरुवारी दुपारी होतं. तहसीलदार दस्तार, बगलूस, छडी अशा पूर्ण थाटात. त्यांच्या मागे सहपरीक्षक म्हणून गावातले जुने वकीलसाहेब, जे साहेबांच्या प्रत्येक वाक्यानंतर मान हलवत आणि कधीकधी वाक्याच्या आधीच. आणि बंदोबस्ताला पोलीस ठाण्याचे नवे अमीन, म्हणजे फौजदार. हे अमीन नुकतेच बदलून आले होते. शिडशिडीत, कमी बोलणारे. आल्या आल्या त्यांनी गावातल्या धोब्याला ठाण्यावर बसवून कपड्यांवरच्या खुणांचा अर्थ विचारला होता.

नक्शेसाहेबांनी चादर काढली. गर्दीतून 'वाहवा' निघाली. ओसरीचे खांब, कवेलूंचे ओळीवर ओळ थर, दाराशी वेळेचे ठोके द्यायचा तास टांगलेला. मग त्यांनी दोन बोटांनी छप्पर उचललं आणि बाजूला ठेवलं. आतला चौक दिसला. खजिन्याचंही छप्पर वेगळं निघत होतं, तेही उचललं. आत बारकी तिजोरी आणि बाहेर लाखेचा पहारेकरी.

अमीन पुढे झाले. "ये छप्पर कायकू उठता?"

"आतलं दिसावं म्हनून, हुजूर."

"अंदर का कायकू दिखना?"

नक्शेसाहेब बोटाने आतली तिजोरी दाखवू लागले.

"नापा कौन?"

"म्या."

"कितना सही है?"

दुसरा कोणीही इथे जरा चाचरला असता. नक्शेसाहेबांनी एक डोळा मिटला. त्यांच्या कामाबद्दल इतका नेमका प्रश्न कोणी कधी विचारलाच नव्हता, आणि मला दिसलं की हा माणूस आता सुखाने बुडणार. "हुजूर, बोटभर फरक न्हाई. भिंत किती जाड, झरोका किती उंच, पहारेकरी वळला की दारापर्यंत किती पावलं, समदं बराबर!"

मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा अमिनांनी हात वर केला होता आणि दोन शिपाई गर्दीतून वाट काढत येत होते. मंडपात पांगापांग सुरू झाली. नक्शेसाहेबांशी ज्यांची ओळख होती ते भोपळ्यांकडे बघू लागले.

"ठहरो," तहसीलदार म्हणाले.

त्यांचं अमिनांकडे लक्षच नव्हतं. ते वाकले होते, भुवई वर होती. परीक्षण चाललं होतं. छडीचं टोक ओसरीवरून सरकलं, चौकात उतरलं आणि खजिन्यावर टेकलं. चेहरा उजळला. "अरे मियाँ! खजाने का दरवाजा तो सीधे हाथ को है. तुमने बाएँ को लगा दिया!"

लोक एकमेकांकडे बघू लागले. कारण ज्याने ज्याने कधी त्या चौकात पाऊल ठेवलं होतं, त्या प्रत्येकाला माहीत होतं की पुढून आत गेलं की खजिन्याचं दार डाव्याच हाताला आहे. नमुना बरोबर होता. चुकले होते साहेब. त्यांचा बंगला कचेरीच्या मागे. ते रोज मागच्या फाटकातून येत. त्या बाजूने येणाऱ्याला दार उजव्या हाताला पडतं. कचेरीत पुढच्या दाराने गेलेच नसतील ते कधी. तिकडून रयत जाते.

अमीन थांबले. त्यांना तो आतला चौक अजून ठाऊक नव्हता. "सरकार, पक्का?"

"अमीन साहब, रोज जाता हूँ मैं. जिसको दाएँ बाएँ की तमीज़ नहीं, उसका नमूना लेकर चोर जाएगा तो दीवार से सर फोड़ेगा." साहेब स्वतःच्या विनोदावर हसले. काही जण हसले, पण उशिरा.

अमिनांनी वकीलसाहेबांकडे पाहिलं. वकीलसाहेबांची हयात त्या चौकात गेली होती. त्यांनी टोपी सारखी केली, घसा साफ केला. "हुजूर फर्माते हैं तो... सीधे हाथ को ही कहना चाहिए." कायद्याच्या दृष्टीने वाक्य निर्दोष होतं.

मग अमीन नक्शेसाहेबांकडे वळले. "तुम बोलो. गलत बनाये?"

आता सगळं त्या एका शब्दावर होतं. चुकलं म्हटलं, तर एक वेंधळा म्हातारा, सुटला. बरोबर आहे म्हटलं, तर खजिन्याचा नेमका नक्शा करणारा इसम, वर तहसीलदारांना भर मंडपात खोटं पाडणारा. त्याची जागा तुरुंगात. कोणीही एका श्वासात 'चुकलं' म्हटलं असतं. नक्शेसाहेबांनी आधी नमुन्याकडे पाहिलं. कान लाल झाले. मान जी जन्मभर कलती होती ती सरळ झाली. दर वर्षी स्वतः केलेली चूक दुसऱ्याला सापडली की मनात हसणारा हा माणूस. न केलेली चूक पदरात घ्यायची वेळ त्याच्यावर पहिल्यांदाच आली होती. त्या चेहऱ्याकडे पाहून मला प्रथमच वाटलं की बारवेची पायरी त्याने खरोखर मुद्दाम खाल्ली असेल.

बायकांच्या बाजूच्या पडद्याआडून काकूंचा आवाज आला. "आवो, म्हना की चुकलं! घरी रोज चुकता, तवा न्हाई लाज वाटत!"

हशा झाला. त्या हशात नक्शेसाहेब म्हणाले, "हुजूर म्हनतात... तर... चुकलं." मुतखडा पडताना माणूस बोलेल तसा आवाज.

पण अमीन हसले नव्हते. खजिन्याचा चौक गुरुवारी दुपारीच सील होई, शुक्रवारची सुट्टी, शनिवारी उघडे. "सनीचर को सुबह मैं खुद देखूँगा," ते म्हणाले. "तब तक नमूना यहाँ. और ये घर में." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने नमुन्यावर चादर टाकून कोपरे दाबले.

शुक्रवारी आमच्या दाराशी शिपाई बसला होता. काकूंनी एक घोंगडी, दोन धोतरं आणि शेंगदाण्याची चटणी यांचं गाठोडं बांधून ठेवलं होतं. तुरुंगात चटणी नेऊ देतात का, हे त्या मला विचारत होत्या, जसं काही ते भूगोलात येतं. डोळे पुसत नव्हत्या, पण गाठोडं सोडून पुन्हा बांधत होत्या.

नक्शेसाहेबांचं दुःख निराळंच होतं. "मास्तर, यंदाची तीट कुठं व्हती, पाह्यली का? ओसरीवरचा तास. खरा दाराच्या ह्या अंगाला हाय, म्या त्या अंगाला टांगला. बैलाच्या घंटेएवढा तास! दिसला न्हाई त्याला. अन् जे बराबर व्हतं त्यात चूक काढली."

"अहो, उद्या अमीन जाऊन दार बघणार. मग काय?"

"बघू द्या. बराबर हाय दार."

"तेच तर संकट आहे!"

"संकट काहून? तेवढंच एक मानूस तरी नीट बघंल."

त्याच वेळी कचेरीच्या बाजूने ठोकण्याचा आवाज यायला लागला. सुट्टीच्या दिवशी कचेरीत कोण ठोकतंय, असं मी शिपायाला विचारलं. शिपाई म्हणाला, "मालूम नै." चुन्याच्या गोण्या लादलेली गाढवं आमच्याच गल्लीतून गेली. मागे शिरड शहापूरचे दोन गवंडी, थापी आणि ओळंबा घेऊन. ते ठोकणं सगळ्या गावाने ऐकलं. जाऊन पाहिलं मात्र एकानेही नाही.

शनिवारी सकाळी अमीन, वकीलसाहेब, नक्शेसाहेब, आणि जामीन राहायला दुसरं कोणी मिळालं नाही म्हणून मी, असे कचेरीत गेलो. तहसीलदार चौकात आधीच उभे होते, हातात गुलाब. आम्ही पुढून आत शिरलो. खजिन्याचं दार उजव्या हाताला होतं. नवी चौकट, जुनं कुलूप. डाव्या हाताला सपाट भिंत, पांढरीशुभ्र, आणि चौकभर ओल्या चुन्याचा वास.

"देखिए, अमीन साहब," तहसीलदार म्हणाले.

अमीन दाराकडे गेले नाहीत. ते भिंतीकडे गेले. त्यांनी तिच्यावर बोट टेकवलं आणि बोट डोळ्यांपुढे धरलं. टोक पांढरं झालं होतं. ते त्या बोटाकडे इतका वेळ पाहत राहिले की वकीलसाहेब खोकले. तालुक्यात तहसीलदाराच्या वर कोणी नसतं, आणि अमीन नवे होते. त्यांनी रुमाल काढला, बोट पुसलं, रुमालाची घडी घालून खिशात ठेवली. "बराबर है, सरकार."

साहेबांनी हे कशासाठी केलं, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. आपला शब्द खोटा पडू नये म्हणून, हे उघड उत्तर. त्या थाटाला ते शोभतंही. पण निघताना त्यांनी नक्शेसाहेबांकडे एकदा पाहिलं, आणि त्या नजरेत नेहमीचा आनंद नव्हता. मंडपातही त्यांना सगळं माहीतच होतं की काय? थाटातल्या माणसाने कोणाचं भलं केलं असेल हे मानायला मला जड जातं, म्हणून मी तो प्रश्न तसाच ठेवला आहे. त्यांच्यापुरतं म्हणाल तर मागच्या फाटकातून येताना आता त्यांना दार डाव्या हाताला पडू लागलं, आणि सुरुवातीला काही दिवस ते सवयीने ओल्या भिंतीकडेच जात, असं शिपाई सांगत.

नक्शेसाहेब त्या नव्या दाराकडे एक डोळा मिटून बघत होते. कचेरीबाहेर आल्यावर माझ्या कानाशी म्हणाले, "चौकट ओळंब्यात न्हाई."

गंभीर चूक असूनही मेहनतीबद्दल त्यांना दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं गावातल्या जिनिंग कारखान्याच्या मालकाला, त्याने बाजारातून विकत आणलेल्या पत्र्याच्या इंजिनासाठी. नमुना घरी आला. काकूंनी गाठोडं सोडलं, चटणी ताटात वाढली आणि म्हणाल्या, "आता तेवढं दार बदला. दोन काड्यांचं काम. उगं कोनी पाह्यलं तर पुन्हा झंझट."

"न्हाई," नक्शेसाहेब म्हणाले. "म्या बराबर केलं व्हतं. इमारत चुकली."

ते गंमतीने म्हणत नव्हते. सप्टेंबरात फौजा आल्या आणि राज्य चार-पाच दिवसांत गेलं. त्यानंतर गावोगाव जे झालं ते सांगायची ही जागा नाही. तहसीलदार गेले, अमीन गेले. कोण कुठे गेलं हे विचारायची तेव्हा पद्धत नव्हती. कचेरीत नवा साहेब आला, खादीतला, साधा, आणि आल्या दिवसापासून सगळ्यांवर अविश्वास असलेला. लोकांना वाटलं, आता जुन्या अन्यायांची दाद मागता येईल. कोणी जमिनीचा अर्ज केला, कोणी नोकरीचा. नक्शेसाहेबांनी इमारतीचा केला. खजिन्याचं दार चुकीच्या भिंतीत आहे, ते मूळच्या जागी नेऊन इमारत दुरुस्त करावी, म्हणजे ती नमुन्याप्रमाणे होईल. मापं अर्जदाराकडे तयार आहेत.

नव्या साहेबांनी अर्ज वाचला, पुन्हा वाचला, आणि सरकारी खजिन्याच्या भिंतीला कुठे भोक पाडावं हे कळवणारा हा पेन्शनर कोण, याची गुप्त चौकशी सुरू केली. समोरच्या ओट्यावर साध्या कपड्यांतला एक माणूस येऊन बसू लागला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो आमच्या दाराकडे, खिडकीकडे, नक्शेसाहेबांच्या हातातल्या भेंडाकडे टक लावून पाहत असे.

मी सांगितलं, नक्शेसाहेब, ही पाळत आहे.

त्यांनी खिडकीतून एक डोळा मिटून त्या माणसाला नीट पाहून घेतलं, मग टेबलावरचा नमुना उचलून उजेडात, त्याला दिसेल असा ठेवला आणि आत वळून काकूंना म्हणाले, "आवो, त्याला चहा पाठवा. इतक्या वर्षांत माझं काम एवढं मन लावून कोनी पाह्यलं न्हाई."